लॉगबुकवर सही आहे, पण बघितलं कोणी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या जिल्हा पानावर मेडिकल कॉलेजच्या नव्या स्किल लॅबच्या उद्घाटनाची बातमी वाचली. फोटो पण छान आलाय, फीत, पाहुणे, हारतुरे आणि मधे टेबलावर झोपवलेला प्लास्टिकचा पुतळा. बातमीत लिहिलंय की आता एमबीबीएसची मुलं पेशंटला हात लावायच्या आधीच तरबेज होणार. मी बरीच वर्षं सरकारी कॉलेजांमधे मेडिसिन शिकवलं, आता निवृत्त आहे, परीक्षक म्हणून अजून बोलावतात तेव्हा जातो, म्हणून म्हटलं यावर चार शब्द लिहावेत. लॅब झाली ते चांगलंच झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण मुलांच्या हातात कला उतरत नाही त्याचं कारण पुतळे कमी पडले हे कधीच नव्हतं. मुलगा पेशंट तपासत असतो तेव्हा त्याच्याकडे कोणी बघत नाही, एवढं साधं कारण आहे. साडेचार वर्षं कॉलेज आणि एक वर्ष इंटर्नशिप, या सगळ्या काळात एखाद्या सीनिअरने शेजारी उभं राहून, मधे तोंड न घालता, एक अख्खी तपासणी बघितली आणि मग सांगितलं की हे चुकलं आणि हे झकास केलंस, असं किती जणांच्या वाट्याला येतं? तुमच्या ओळखीतल्या एखाद्या ताज्या डॉक्टरला विचारून बघा, बराच वेळ आठवत बसेल.

कागदावर मात्र सगळं आहे बरं का. २०१९ च्या बॅचपासून नवा अभ्यासक्रम आला, सीबीएमई म्हणतात त्याला, म्हणजे मुलाला काय माहीत आहे यापेक्षा काय करता येतं त्यावर बेतलेला. पहिल्या वर्षीच पेशंट दिसावा म्हणून अर्ली क्लिनिकल एक्स्पोजर, पेशंटशी बोलणं-वागणं-संमती यासाठी एटकॉम, दुसऱ्या वर्षापासून रोजचे तीन तास वॉर्डात पोस्टिंग. डोप नावाची पद्धत आहे, म्हणजे शिक्षकाने करून दाखवायचं, मुलाने नीट बघायचं, मग हाताखाली मदत करायची आणि मग स्वतः करायचं. प्रत्येक कौशल्याची लॉगबुकमधे, म्हणजे मुलाच्या नोंदवहीत, नोंद, आणि काही कौशल्यं तर अशी की याला हे आता एकट्याने जमतं असं शिक्षकाने सर्टिफाय करायचं. ज्यांनी हे लिहिलं त्यांना विषय कळलेला आहे, त्यांना नावं ठेवायची माझी मुळीच इच्छा नाही. जॉर्ज मिलर म्हणून एक शिक्षणतज्ज्ञ होऊन गेले, त्यांनी १९९० मधे एक पिरॅमिड मांडला होता, तळाला नुसतं माहीत असणं, त्यावर कसं करायचं हे माहीत असणं, त्यावर करून दाखवणं आणि टोकाला रोजच्या कामात खरोखर करणं. आपला अभ्यासक्रम टोकापर्यंत चढलाय आणि आपली परीक्षा, क्लास, अ‍ॅप सगळं तळमजल्यावर पथारी पसरून बसलंय.

आता लॉगबुक प्रत्यक्षात कसं भरतात ते सांगतो. पोस्टिंगचा शेवटचा दिवस, तीसेक लॉगबुकांचा गठ्ठा घेऊन बॅचचा सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी, ओपीडीत येतो, सीनिअर रेसिडेंटच्या टेबलापुढे पेशंटची रांग दारापर्यंत, तो बिचारा एक केसपेपर लिहितो की दोन सह्या करतो, परत एक केसपेपर, परत दोन सह्या, पान उलटून बघायला त्याला वेळ कुठून मिळणार. तारखा मुलांनीच टाकलेल्या असतात, त्यातली एखादी दिवाळीच्या सुट्टीतली निघते. आरटीओत न जाता एजंटने घरपोच आणून दिलेलं लायसन्स असतं ना, त्यातला हा प्रकार. सही खरी, शिक्का खरा, गाडी चालवताना मात्र कोणी बघितलेलं नाही.

उदाहरण अगदी साधं देतो, श्वास मोजणे. ह्याला ना मशीन लागतं ना पुतळा, सेकंदकाटा असलेलं घड्याळ पुरतं. तुम्ही कुठल्याही हॉस्पिटलचे, सरकारी म्हणा खाजगी म्हणा, शंभर केसपेपर काढून बघा, रेस्पिरेटरी रेटच्या, म्हणजे मिनिटाला किती श्वास याच्या, पुढे १८ नाहीतर २० दिसेल, पेशंट हर्नियाचा असो की न्यूमोनियाचा. एका प्रॅक्टिकल परीक्षेत सीओपीडीचे, म्हणजे फुप्फुसांच्या जुनाट धाप लागण्याच्या आजाराचे, एक आजोबा केस म्हणून होते. खाटेच्या कडेला दोन्ही हात टेकून पुढे वाकून बसलेले, ओठांचा चंबू करून श्वास सोडतायत, मानेच्या शिरा आणि स्नायू दोरीसारखे वर आलेले, एक वाक्य बोलायचं तर मधे दोनदा थांबतायत. मुलगी हुशार होती, केस छान मांडली, इंग्रजी फाडफाड, डिफरन्शियल डायग्नोसिस, म्हणजे कुठकुठले आजार असू शकतात, ते पाच-सहा, आणि मधेच म्हणाली रेस्पिरेटरी रेट एटीन पर मिनिट. विचारलं, किती वेळ मोजलेस? "सर, फिफ्टीन सेकंद, इंटू फोर." म्हटलं अगं चारच्या पाढ्यात अठरा कुठे येतात? गप्पच झाली. मग माझं घड्याळ तिच्या हातात दिलं आणि पूर्ण मिनिट मोजायला लावलं, ३२ आले. आणि गंमत बघा, एक मिनिट आजोबांच्या छातीकडे बघत राहावं लागलं म्हणून बाकीचं तिला आपोआपच दिसलं, श्वास घेताना बरगड्यांच्या मधली जागा आत ओढली जातेय, पोट कसं हलतंय, श्वास सोडायला किती लांबण लागतेय. स्वतःहून सांगायला लागली. म्हणजे डोळे होते, बुद्धी होती, फक्त तोपर्यंतच्या कुठल्याच पोस्टिंगमधे तिला कोणी "मोज, मी बघतोय" असं म्हटलं नव्हतं. लॉगबुकवर सह्या सगळ्या जागच्या जागी होत्या.

आता ह्याच्या उलट उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातलं आहे आणि ते जगभर गाजलेलं आहे, आपणच विसरतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या, जेमतेम शिकलेल्या बायकांना आणि सुईणींना लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायला शिकवला. कशावरून, तर श्वासाच्या गतीवरून. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतलं असेल तर ५०, पाच वर्षांपर्यंत ४०, हा जागतिक आरोग्य संघटनेचा साधा हिशोब. ज्यांना एवढे आकडे मोजायला जड जायचं त्यांच्यासाठी त्यांनी वाळूचं घड्याळ आणि मणी लावलेलं एक साधन केलं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपेपर्यंत लाल मण्यापर्यंत पोचलात तर औषध सुरू. पुढे नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीचं काम ३९ गावांत झालं, त्याचा पेपर १९९९ मधे लॅन्सेट या मेडिकल जर्नलमधे आला, नवजात मृत्यूचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आलं होतं. लोक याकडे समाजसेवा म्हणून बघतात, मी शिक्षक म्हणून बघतो. त्या बायकांना काय लेक्चरं देऊन सोडलं नव्हतं, त्यांच्याकडून करून घेतलं, डॉक्टर ठराविक दिवसांनी गावात जाऊन त्यांचं काम आणि नोंदी तपासत होते, चुकलं तर तिथल्या तिथे सांगत होते. गडचिरोलीच्या पाड्यावरची बाई एक मिनिट इमानदारीत श्वास मोजते आणि नीटमधे एवढे मार्क पाडून आलेली आमची मुलं १८ लिहून मोकळी होतात. आता यात अक्कल कोणाची कमी म्हणायची?

ब्लडप्रेशरचं बघा. सगळ्यात जास्त वेळा केलं जाणारं, सगळ्यात जास्त वेळा चुकीचं केलं जाणारं काम. शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळायचा, पेशंट जिना चढून धापा टाकत आलेला असला तरी लगेच पंप मारायचा, हात हवेत लोंबकळतोय, वर त्याच्याशी गप्पा चालूच, पट्टा सगळ्यांना एकाच मापाचा मग दंड पैलवानाचा असो की क्षयाने झिजलेल्या बाईचा. खरं म्हणजे पाच मिनिटं टेकून शांत बसवायचं, हात हृदयाच्या पातळीवर टेबलावर ठेवायचा, पट्ट्याच्या आतली रबरी पिशवी दंडाच्या घेराच्या ८० टक्के तरी आली पाहिजे, आधी नाडीवर बोट ठेवून नाडी कुठे गायब होते ते बघायचं म्हणजे मधे काही वेळ आवाज गायब होतो त्या खळग्यामुळे फसून वरचा आकडा कमी लागत नाही, मग स्टेथो लावून सेकंदाला पारा दोन मिलिमीटर उतरेल अशा हिशोबाने हळूहळू हवा सोडायची. हे सगळं लेखी पेपरात विचारा, पानभर लिहितील. हाताने करायला सांगा, हवा भस्सकन सोडतात आणि १२०/८० सांगतात. आता पाऱ्याची यंत्रं जाऊन बटण दाबायची मशीन आलीत, तर मुलांचा समज असा की आता यात शिकण्यासारखं काही राहिलंच नाही. अरे पण पट्टा, हात, बसणं, गप्प राहणं हे मशीन थोडंच बघणार आहे! चुकीच्या आकड्यावर माणसाला जन्मभराची गोळी सुरू होते, किंवा ज्याला पाहिजे त्याला होत नाही.

शिक्षकांना शिव्या घालणं सोपं आहे, मी स्वतः त्या जागी उभा होतो म्हणून सांगतो, वेळेचं गणितच जुळत नाही. कॉलेजला दीडशे-दोनशे सीट, वॉर्डात एका वेळी २५-३० मुलांची बॅच, कागदावर तीन तास, त्यातला तासभर राउंड उरकण्यात, मधे डीनची मीटिंग, मधे व्हीआयपीचा मामा अ‍ॅडमिट, हाती उरतो दीड तास. एका पेशंटभोवती तीस पोरं उभी, पुढची सात-आठ ऐकतात, मागची मोबाईलवर. दीड तासाला तीसने भागलं तर प्रत्येकाला तीन मिनिटं. तीन मिनिटांत प्लीहा, म्हणजे पोटात डाव्या बरगड्यांखाली असते ती, तपासायला शिकवता येत नाही हो. ती तपासणी उजव्या जांघेच्या वरून सुरू करून तिरकं डाव्या बरगडीकडे यायचं असतं, पेशंटच्या प्रत्येक श्वासाला बोटं थोडी थोडी पुढे सरकवत, कारण खूप वाढलेली प्लीहा उजव्या बाजूपर्यंत आलेली असते आणि तुम्ही थेट डाव्या बरगडीखाली बोटं खुपसलीत तर तिच्यावरच हात ठेवून "काही लागत नाही" म्हणाल. विदर्भात सिकलसेल आणि मलेरियाच्या, म्हणजे प्लीहा वाढवणाऱ्या आजारांच्या, पट्ट्यात काम करायचं असेल तर हे हाताला यायलाच पाहिजे. आणि हे सांगून येत नाही, मुलाच्या हातावर हात ठेवून दाखवावं लागतं, थंडीत आधी हात चोळून गरम कर, नखं काप, आजींना पाय दुमडून घ्यायला सांग, त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहा म्हणजे दुखलं तर कळेल.

शिक्षकांची हजेरी आता आधारवर लागते. कॉलेजात किती वाजता आला, किती वाजता गेला हे दिल्लीला कळतं, पण आठवड्यात मुलांजवळ खाटेपाशी किती वेळ उभा होता हे कोणालाच कळत नाही आणि कोणी विचारत पण नाही. प्रमोशनसाठी रिसर्च पेपर मोजतात, चांगलं क्लिनिक, म्हणजे खाटेपाशी वर्ग, घेणारा माणूस पेपर नसले तर तिथेच राहतो. त्यामुळे जे खरंच मन लावून बेडसाइड शिकवतात ते स्वतःच्या हौसेने शिकवतात, सिस्टीम त्यांना काही देत नाही. असे शिक्षक आहेत, प्रत्येक कॉलेजात दोन-चार असतातच, आणि मुलं दुसऱ्या युनिटची असली तरी त्यांच्या राउंडला घुसतात.

मुलांचं तरी काय चुकतं? पुढची पीजीची सीट नीट पीजीवर, म्हणजे २०० ऑब्जेक्टिव्ह प्रश्नांवर. त्यात प्लीहा हाताला लागली की नाही हे कोणी विचारत नाही. मग तिसऱ्या वर्षापासून अ‍ॅप, टेस्ट सिरीज, व्हिडिओ दुप्पट स्पीडने, आणि इंटर्नशिप हे वर्ष हात चालवायला शिकण्याचं असतं ते लायब्ररीत जातं. जी इंटर्न मुलं वॉर्डात येतात त्यांना तरी आपण काय देतो, सॅम्पल लॅबला नेऊन दे, ब्लडबँकेतून पिशवी आण, सीटीची तारीख घेऊन ये, ट्रॉली ढकल. वर्षभर वॉर्डातल्या मामा-मावशींची, म्हणजे शिपाई-आयांची, कामं करून पोरगं डॉक्टर म्हणून बाहेर पडतं आणि सरकारी सेवेच्या बॉण्डवर आडगावच्या पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, जातं, तिथे रात्री साप चावलेला माणूस आला तर दोन मिली रक्त नव्या कोरड्या काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग तिरकं करून गोठलंय का बघायचं, एवढी साधी टेस्ट त्याने कधी स्वतः केलेली नसते, वाचलेली असते. नेक्स्ट नावाची, एमबीबीएसच्या शेवटी देशभर एकच, परीक्षा आणायचं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्यातच होतं, तिच्यात दुसऱ्या टप्प्याला प्रॅक्टिकल ठेवायचं ठरलं होतं, ते २०२३ मधे पुढे ढकललं. मुलांचा विरोध होता, त्यांची कारणं पटण्यासारखी होती, पण ती ढकलल्यामुळे हात तपासणारी परीक्षा कॉलेजच्या प्रॅक्टिकलवरच येऊन राहिली.

आणि त्या प्रॅक्टिकलची कथा काय वर्णावी. परीक्षेला येणारे काही ठरलेले पेशंट असतात, हृदयाच्या झडपेची जुनी केस, जुना लकवा, मोठी प्लीहा. वर्षानुवर्षं येऊन ते इतके तयार झालेले असतात की मुलाने स्टेथो चुकीच्या जागी ठेवला तर स्वतःच सरकवून देतात, "इकडं ऐका, इकडं मर्मर हाय," म्हणजे हृदयाचा जादा आवाज. कोणी कोणी थोडी बिदागी घेऊन निदान पण सांगतात, पोटाचा प्रश्न आहे त्यांचा, त्यांना नाव ठेवणार नाही मी. लाँग केस, म्हणजे एक पेशंट पूर्ण तपासून मांडायचा, ती घ्यायला मुलाला तासभर देतात, त्या तासात परीक्षक चहा पीत दुसऱ्या खोलीत, परत येऊन ऐकतात ती फक्त गोष्ट. तपासणी केली की मनाने लिहिली हे कळायला मार्गच नाही. वर निम्मे परीक्षक बाहेरच्या कॉलेजचे, आज तुम्ही आमची मुलं पास करा उद्या आम्ही तुमची, हे काय मी नव्याने सांगायला पाहिजे असं नाही. हेच टाळायला स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मधे ऑस्की नावाची पद्धत मांडली, छोटी छोटी स्टेशनं, प्रत्येक स्टेशनला एक काम, परीक्षक समोर यादी घेऊन बसलेला, हात धुतले का, नाव विचारलं का, पट्टा नीट बांधला का. पद्धत आपल्याकडे आली, पण बऱ्याच ठिकाणी स्टेशनवर काय ठेवतात तर एक्स-रेचा फोटो आणि खाली पाच प्रश्न. म्हणजे परत लेखीच.

कोणी म्हणेल, डॉक्टर, जमाना बदलला, आता इको आहे, सीटी आहे, हाताने दाबून काय बघत बसता. जिथे इको आहे तिथे जरूर करा. पण महाडजवळच्या बिरवाडीच्या पीएचसीत विंचू चावलेले पेशंट मरत होते तेव्हा डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्याकडे काय होतं? ते पेशंटजवळ रात्र रात्र बसले, घाम, थंड पडलेले हातपाय, नाडी, बीपी, फेसाळ थुंकी, कशाच्या आधी काय होतं हे टिपत गेले. धोक्याची ही लक्षणं त्यांनी १९८२ मधे लॅन्सेटमधे मांडली आणि पुढे प्राझोसिन या साध्या गोळीचा उपयोग दाखवून दिला, कोकणातली किती माणसं वाचली असतील त्याने. त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड केलं, पण त्यांनी जे केलं ते म्हणजे तुमच्या-आमच्या अभ्यासक्रमातलं क्लिनिकल स्किलच, हे मुलांना सांगायचं राहूनच गेलं.

परत स्किल लॅबकडे येतो, नाहीतर वाटेल म्हातारा लॅबच्या विरोधात आहे. काही गोष्टी पुतळ्यावरच आधी शिकल्या पाहिजेत, याबद्दल माझं मत पक्कं आहे. छाती दाबणं, मिनिटाला १०० ते १२०, पाच-सहा सेंटिमीटर खोल, तीस दाबांना दोन श्वास, हे जिवंत माणसावर शिकताच येत नाही. सलाइनची सुई, लघवीची नळी, टाके, श्वासनलिकेत नळी घालणं, अडलेलं बाळंतपण, यात पहिली चूक पुतळ्यावर व्हावी, सरकारी दवाखान्यात आलेल्या गरीब बाईच्या हातावर पाच ठिकाणी टोचून होऊ नये. आजवर तीच माणसं फुकटची पाठ्यपुस्तकं झाली आहेत. वीस पोरं एकामागून एक तेच दुखरं पोट दाबतात, पडदा ओढायचं कोणाच्या लक्षात येत नाही, बाईची आतून तपासणी करताना तिला विचारलं पण जात नाही. एटकॉमच्या तासाला संमतीवर निबंध लिहून घेतात आणि बाराच्या ठोक्याला वॉर्डात हे चालतं, पोरं यातून काय शिकणार ते शिकतात. पण लॅब वापरली गेली पाहिजे ना. एका कॉलेजात मी बघितलंय, नाव सांगत नाही, पुतळ्यांवरचं प्लास्टिकचं वेष्टन तसंच, कारण खराब झाले तर भरपाई कोणाच्या पगारातून, किल्ली स्टोअरच्या बाबूकडे, बाबू रजेवर. इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी झाडलोट झाली, पुतळे मोजले गेले, शेरा "समाधानकारक".

बोलणं शिकवायला पुतळा उपयोगाचा नाही, तिथे माणूसच पाहिजे, आणि तो खरा आजारी असायला पाहिजे असं नाही. अमेरिकेत हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मधेच लॉस एंजेलिसमधे एका धडधाकट बाईला पेशंट बनवून मुलांपुढे बसवलं होतं, आज तिकडे ते नेहमीचं आहे. आपल्याकडे ह्याला परदेशी पुतळे आणायचीही गरज नाही. राज्य नाट्य स्पर्धेत दरवर्षी गावोगावच्या हौशी मंडळींची नाटकं होतात, बँकेतले, शाळेतले, एसटीतले लोक जीव तोडून कामं करतात. त्यातल्या चार जणांना मानधन द्या, एकाने नवऱ्याचा एचआयव्ही रिपोर्ट ऐकणारी बायको व्हायचं, एकाने दारू लपवणारा लिव्हरचा पेशंट, एकाने "आधी पैसे किती लागतील सांगा" म्हणून अंगावर येणारा नातेवाईक. मुलगा कसा बोलतो ते शिक्षकाने मागे बसून बघावं आणि झाल्यावर त्या नटालाही विचारावं, तुम्हाला कसं वाटलं. एका पुतळ्याच्या पैशात अशी कितीतरी सत्रं होतील. निवासी डॉक्टरांवर हल्ले झाले की आपण पोलीस बंदोबस्त मागतो, मागायलाच पाहिजे, पण वाईट बातमी कशी सांगायची हे त्या पोराला कोणी कधी समोर बसून शिकवलेलं नसतं हे पण खरं.

हे आत्ता लिहायचं कारण असं की ऑक्टोबर २०२४ मधे राज्यात एका दिवसात दहा नवी सरकारी मेडिकल कॉलेजं सुरू झाली, मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशिम, भंडारा, हिंगोली आणि अंबरनाथ, मिळून ९०० सीट. तिथलीही मुलं दुसऱ्या वर्षापासून वॉर्डात येणार. जिल्हा रुग्णालयांत पेशंटची काही कमी नाही, शिकायला याच्याइतकं चांगलं ठिकाण नाही. कमी आहे ती शेजारी उभं राहणाऱ्यांची. मग गावातल्या अनुभवी फॅमिली डॉक्टरांना, निवृत्त फिजिशियन-सर्जनना आठवड्यातून दोन सकाळी मानधनावर बोलवा, पाच पोरं आणि एक म्हातारा डॉक्टर, बस्स. आमच्यासारखे किती तरी येतील हो, घरी पेपर वाचत बसण्यापेक्षा बरं. सिस्टरांना रीतसर शिक्षकाचा दर्जा द्या, सलाइन लावणं, नळी घालणं, ड्रेसिंग, इंजेक्शन हे बहुतेक डॉक्टर गुपचूप त्यांच्याकडूनच शिकतात, पण लॉगबुकमधे सिस्टरची सही चालत नाही. आणि प्रत्येक पोस्टिंगमधे प्रत्येक मुलाची फक्त दहा मिनिटांची एक तपासणी कोणीतरी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघावी आणि लगेच दोन मिनिटं बोलावं. तीस मुलांना सहा तास लागतात, चार आठवड्यांच्या पोस्टिंगमधे सहा तास निघत नाहीत असं मला कोणी सांगू नये.

नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडे आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडे तुमच्या पेपरमार्फत एकच मागणं आहे, आणि त्याला पैसे अजिबात लागत नाहीत. इन्स्पेक्शनला येणाऱ्या टीमने पुतळे आणि खुर्च्या मोजून झाल्या की शेवटच्या वर्षाच्या हजेरीपटावरून डोळे मिटून पाच नावं काढावीत, त्यांना वॉर्डात न्यावं आणि सांगावं, या मावशींचं बीपी घ्या आणि एक मिनिट श्वास मोजा. मग त्यांच्या लॉगबुकातलं त्या कौशल्याचं पान उघडावं आणि ज्याची सही आहे त्याला शेजारी उभं करावं. पाचांपैकी किती जणांना नीट जमलं तो आकडा रिपोर्टमधे लिहावा आणि रिपोर्ट वेबसाइटवर टाकावा, पालकांना पण कळू द्या सीट घेताना.

आपला,
मेडिसिनचा एक निवृत्त शिक्षक
(अजून परीक्षेला जावं लागतं, कृपया नाव-गाव छापू नये.)